समोरून दोरीने ओढणारी गाडी: ऑल-व्हील-ड्राइव्हचं ड्रिफ्टिंग शिकताना

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. 'फोर्झा होरायझन ५' या गाड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या तो फार सुंदर तिरक्या घालतो. वळण आलं की क्षणभर हँडब्रेक, मग उलटं स्टीअरिंग, भरपूर रेस, आणि गाडी धूर सोडत आडवीच्या आडवी वळणातून बाहेर. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा सुबारू इम्प्रेझा घेतली. हात तेच, बटणं तीच, वळणही तेच. पण गाडी वळणाच्या मध्यावर अचानक सरळ झाली आणि बाहेरच्या कुंपणात जाऊन थांबली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

"मामा, हिला कोणीतरी समोरून दोरी बांधून ओढतंय," तो वैतागून म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तू आत्ता जे बोललास ना, तेच उत्तर आहे. इम्प्रेझाची चारही चाकं इंजिनावर चालतात. त्यातली पुढची दोन चाकं खरोखरच ती दोरी आहेत. अशा गाडीला ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणतात, आणि गाडी मुद्दाम घसरवत वळणातून आडवी नेणं म्हणजे ड्रिफ्टिंग. ऑल-व्हील-ड्राइव्हचं ड्रिफ्टिंग शिकायचं म्हणजे ही दोरी कुठे ताणायची आणि कधी सैल सोडायची, ते शिकायचं. ज्याला मागच्या चाकांच्या गाडीचं ड्रिफ्टिंग येतं, त्याला हे जास्त जड जातं. त्याच्या हाताला लागलेली निम्मी सवय इथे नेमकी उलट काम करते.

भाजीची हातगाडी मागून ढकलत नेणारा माणूस आठवा. ढकलताना जोर जरा एका बाजूला गेला की गाडी तिरकी फिरायला बघते, आणि त्याला सतत हात मारून ती सरळ ठेवावी लागते. तीच गाडी पुढून दोरीने ओढली, तर कशीही तिरकी असो, दोरीच्या दिशेने आपोआप सरळ होते. मागची चाकं ढकलतात, पुढची ओढतात. ढकलणं गाडीला तिरकं व्हायला मदत करतं, ओढणं तिला सरळ करतं. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये दोन्ही एकाच वेळी चालू असतं, आणि आपल्याला त्यांचं भांडण सोडवत वळण पार करायचं असतं.

आता टायरच्या पकडीचा हिशोब बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टायर रस्त्याला जेवढा धरू शकतो त्याला मर्यादा असते. ही पकड दोन कामांना लागते: गाडीला पुढे-मागे ढकलायला (रेस आणि ब्रेक) आणि आडवं धरून ठेवायला (वळण). समजा एका टायरकडे १०० एवढी पकड आहे. त्यातली ६० रेससाठी वापरली तर वळणासाठी किती उरेल? साध्या वजाबाकीने ४० वाटेल, पण उरते ८०. दोन जोर एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून इथे शाळेतला पायथागोरस लागतो: ६, ८ आणि १० चा त्रिकोण. रेससाठी ८० वापरली तर वळणाला ६० उरते. पूर्ण १०० रेसला दिली, चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं, तर आडवं धरायला जवळजवळ काहीच उरत नाही. असं चाक ज्या दिशेला तोंड करून फिरतं, फक्त त्याच दिशेला गाडीला ओढत राहतं.

मागच्या चाकांच्या गाडीत हीच गोष्ट आपण हत्यारासारखी वापरतो. भरपूर रेस दिली की मागची चाकं गरगरतात, त्यांची आडवी पकड जाते, शेपूट बाहेर सुटतं. पुढच्या चाकांना मात्र रेसचं काहीच काम नसतं. त्यांची सगळी पकड वळणासाठी राखीव असते. म्हणून स्टीअरिंग उलटं फिरवून कोन हवा तसा सांभाळता येतो. जास्त रेस म्हणजे जास्त कोन, कमी रेस म्हणजे कमी कोन. नियम सोपा, आणि बोटांत पक्का बसतो.

चारही चाकं चालणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांवर दोन मालक असतात: एक स्टीअरिंग, दुसरं इंजिन. उजव्या वळणात गाडी ड्रिफ्टमध्ये आहे असं धरा. नाक आत, उजवीकडे. गाडी प्रत्यक्षात सरकतेय मात्र नाकाच्या डावीकडे. सवयीने आपण स्टीअरिंग डावीकडे उलटं घालतो, म्हणजे पुढची चाकं सरकण्याच्या दिशेला तोंड करतात. मागच्या चाकांच्या गाडीत हे बरोबर आहे. इथे मात्र त्याच वेळी इंजिन त्या चाकांना फिरवतंय, आणि ती तोंड असेल तिकडे ओढताहेत. म्हणजे दोरी वळणाच्या बाहेर ताणली गेली. गाडी सरळ होते, वेग वाढतो आणि कुंपण जवळ येतं. भाच्याच्या दहाही फेऱ्यांत नेमकं हेच घडलं.

यावर उपाय काय? उलटं स्टीअरिंग अगदी कमी करा. पुढची चाकं गाडीच्या अंगाशी जवळजवळ सरळ ठेवा. नाक वळणाच्या आत आहे, चाकं नाकाच्या दिशेला आहेत, तर ओढही वळणाच्या आत लागते आणि गाडी कमानीवर राहते. कधीकधी तर ड्रिफ्ट चालू असताना चाकं किंचित वळणाच्या आतच वळवावी लागतात. मागच्या चाकांची गाडी चालवणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं, कारण तिथे असं केलं तर गाडी गर्रकन फिरून उलटी होईल. मी भाच्याला एकच वाक्य दिलं: चाकं तिकडे वळव, जिकडे तुला जायचंय.

रेसचा नियमही इथे उलटतो. ड्रिफ्टमध्ये असताना रेस वाढवली की पुढची ओढ वाढते, आणि कोन कमी व्हायला लागतो किंवा गाडी वळणाबाहेर रुंद जाते. रेस थोडी सोडली की वजन पुढे येतं, पुढच्या चाकांना आडवी पकड परत मिळते, मागची बाजू हलकी होते आणि नाक आत वळतं, कोन वाढतो. म्हणजे कोन वाढवायला पाय हलका करायचा आणि कमी करायला दाबायचा. पूर्ण सोडायची नाही हं. एकदम सोडली की चारही चाकं रस्ता धरतात आणि गाडी झटक्यात कुठेतरी फेकली जाते. कंट्रोलरच्या ट्रिगरवर पाऊण आणि अर्धा यांच्या मध्ये बोट खेळतं ठेवायचं. शिकण्याचा निम्मा वेळ या एका बोटात जातो.

पण गाडी आधी तिरकी करायची कशी? हँडब्रेकने होतं, पण ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये तो अडचणीचा मार्ग आहे. पुढची आणि मागची चाकं मधल्या दांड्याने एकमेकांशी जोडलेली असतात. मागची अडवली की तो जोर पुढच्यांपर्यंत आणि इंजिनापर्यंत पोचतो, आणि गाडी नुसतीच मरगळते. खऱ्या जागतिक रॅली शर्यतींच्या गाड्यांत हँडब्रेक ओढताच मागच्या चाकांचा हा सांधा सुटतो, अशी सोयच केलेली असते. खेळात क्लचसह मॅन्युअल गिअर घेतले असतील तर हँडब्रेकबरोबर क्लच दाबा, परिणाम बराच सुधारतो.

त्याहून चांगला मार्ग आहे वजन फेकण्याचा. दीड हजार किलोची गाडी घ्या, त्यातलं ९०० पुढच्या चाकांवर, ६०० मागच्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर. जोरात ब्रेक मारून गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांश एवढा मंदावेग आला, तर साधारण २३० किलोचा भार मागून पुढे सरकतो. आता पुढे ११३०, मागे ३७०. मागच्या टायरांना दाबून धरणारं वजन एवढं घटलं की त्यांची पकडही तशीच घटते. त्या क्षणी स्टीअरिंगला झटका दिला तर शेपूट आपणहून सुटतं, हँडब्रेक लागतच नाही. एस.टी.च्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी जसे पुढे झुकतात, तसंच गाडीचं वजनही झुकतं. ते झुकलेलं असतानाच आपलं काम उरकायचं.

याचीच पुढची पायरी म्हणजे स्कँडिनेव्हियन फ्लिक. नॉर्डिक देशांतल्या रॅली चालकांनी बर्फ आणि खडीच्या रस्त्यांवर घोटलेली ही युक्ती मला ड्रिफ्टिंगमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. उजवं वळण येतंय. वळणाच्या आधी गाडी मुद्दाम डावीकडे वळवायची, थोडीशीच. वजन उजव्या चाकांवर जातं, त्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात. लगेच रेस सोडायची, हवं तर ब्रेकला हलकासा स्पर्श करायचा आणि स्टीअरिंग झपकन उजवीकडे. दबलेल्या स्प्रिंगा सुटतात, वजन झोक्यासारखं दुसऱ्या बाजूला येतं आणि त्या झोक्यात मागची बाजू बाहेर पडते. मग पुन्हा रेस. झोपाळ्याला पुढे ढकलायचं असेल तर आपण आधी तो मागे ओढतो, तशीच ही गोष्ट. सुरुवातीला सगळे घाई करतात: डावीकडचा झोका पूर्ण व्हायच्या आत उजवीकडे वळतात आणि मग काहीच घडत नाही. झोका पुरता बसू द्यावा लागतो.

ऑल-व्हील-ड्राइव्हला अशा युक्त्या का लागतात, हे इतिहासात दिसतं. १९८० साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ऑडी क्वात्रो आली आणि तिने रॅलीचं चित्र बदललं. १९८२ आणि १९८४ ची उत्पादकांची जागतिक अजिंक्यपदं ऑडीला मिळाली. १९८३ मध्ये फिनलंडचा हान्नू मिक्कोला आणि १९८४ मध्ये स्वीडनचा स्टिग ब्लोमक्विस्ट चालकांचे विजेते ठरले. पण त्या गाडीचं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकत होतं. नाक जड, त्यात पुढची चाकं ओढणारी. वळायला सांगितलं की ती सरळच जायला बघायची. मग चालकांनी तिला आधीच आडवी घालायची, डाव्या पायाने ब्रेक दाबत उजव्या पायाने रेस चालू ठेवायची, असे मार्ग वापरले. आज आपण खेळात जे रडगाणं गातो, तेच त्यांनी खऱ्या बर्फावर, झाडांच्या मधून सोडवलं. मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

पुढे कारखान्यांनीही हे भांडण यंत्रानेच सोडवायचे प्रयत्न केले. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आर आर-३२ मध्ये ताकद एरवी मागेच जायची आणि मागची चाकं घसरली तरच, जास्तीत जास्त निम्मी, पुढे वळवली जायची. सुबारूने इम्प्रेझा एसटीआयमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरांचा संच) किती घट्ट ठेवायचा याचं चाकच चालकाच्या हाताशी दिलं. २०१६ ची फोर्ड फोकस आरएस तर चक्क 'ड्रिफ्ट मोड'चं बटण घेऊन आली. ती सत्तर टक्क्यांपर्यंत ताकद मागे पाठवू शकायची. सगळ्यांचा रोख एकच, पुढची दोरी हवी तेव्हा सैल करणं.

खेळात हा सैलपणा आपल्याच हातात असतो. गाडीच्या ट्यूनिंगमध्ये डिफरन्शियलच्या पानावर मधला तोल किती टक्के मागे, हे ठरवता येतं. माझ्या मते नवशिक्याने तो ७५ ते ८० टक्के मागे ठेवावा. ९० च्या वर नेलात तर ती नावापुरतीच ऑल-व्हील-ड्राइव्ह उरते आणि शिकायचं तेच शिकता येत नाही; ६० च्या खाली आणलात तर पुढची ओढ एवढी की हताश व्हाल. मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियल रेसवर पूर्ण १०० टक्के घट्ट (लॉक) करा, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकसाथ गरगरतील आणि एकच आतलं चाक ताकद वाया घालवणार नाही. पुढचा मात्र सैल, २०-२५ टक्के; तो घट्ट केला की स्टीअरिंग जड होतं आणि गाडी आणखी सरळ पळते. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी एका बाजूला कलू न देणारा दांडा) पुढच्यापेक्षा थोडा कडक ठेवला की शेपूट लवकर सुटतं. बाकीच्या आकड्यांत सुरुवातीला बोट घालू नका. एका वेळी दहा गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळतच नाही.

सेटिंग्जमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद हवेतच. पहिला चाक गरगरू देत नाही, दुसरा गाडी तिरकी होऊ देत नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणे, इथे मात्र अडसर. गिअर हाताने बदला. ऑटोमॅटिक गिअर ड्रिफ्टच्या ऐन मध्यावर वरचा गिअर टाकतो, चाकांचं गरगरणं थांबतं आणि गाडी रस्ता धरते. बहुतेक वळणांना दुसरा किंवा तिसरा गिअर पुरतो. आणखी एक चीज आहे जी फार कमी लोक उघडून बघतात: टेलिमेट्री. त्यात चारही टायरांची पकड त्या त्या क्षणी किती वापरली जातेय ते चित्रात दिसतं. फसलेला ड्रिफ्ट रिवाइंड करून पुन्हा या पडद्यावर बघा. पुढची दोन वर्तुळं मागच्यांच्या आधी भरलेली दिसली, तर रेस लवकर किंवा जास्त दिली असं समजा.

सराव कुठे करायचा? वळणांच्या रस्त्यावर तर सुरुवातीला नकोच. खेळातल्या मेक्सिकोच्या जंगलात एक धावपट्टी आहे, तिथे जा. आधी मोठा गोल मारा, साधारण पन्नासच्या वेगाने, आणि फक्त रेसवर लक्ष ठेवा: थोडी दिली की गोल मोठा होतो, थोडी सोडली की नाक आत येऊन गोल लहान होतो. स्टीअरिंग एका जागी धरून फक्त रेसने गोल लहान-मोठा करता आला की अर्धं काम झालं. भाच्याला याला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्यात तो कंटाळला नाही, कारण त्याला पहिल्यांदाच कळत होतं की गाडी असं का वागते. मग इंग्रजी आठ काढायचा. तिथे दोन गोलांच्या मध्ये वजन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जातं. तेव्हा क्षणभर रेस सोडायची, वजनाला जाऊ द्यायचं, मग परत दाबायची. जमलं की त्यातून फ्लिक आपोआपच निघतो.

त्या मेक्सिकोत दर आठवड्याला ऋतू बदलतो. पावसाळी ऋतू लागला की सरावाची चैन असते, कारण ओल्या रस्त्यावर सगळं कमी वेगाने घडतं आणि विचार करायला वेळ मिळतो. कोरड्या डांबरावर जी चूक पाव सेकंदात उलगडते, ती इथे आरामात डोळ्यांसमोर घडते.

या खेळातल्या ड्रिफ्टच्या ठरावीक पट्ट्यांवर तीन तारे मिळवायला बरेच खेळाडू ऑल-व्हील-ड्राइव्ह घेतात, कारण ती तिरकी असतानाही वेग टिकवते. यावर काही जण नाक मुरडतात. हे खरं ड्रिफ्टिंग नाही म्हणतात. प्रत्यक्ष स्पर्धांचा विचार केला तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये मागच्या चाकांवर चालणारीच गाडी लागते. तिथे इम्प्रेझा किंवा लान्सर इव्होल्यूशन उतरवायची तर तिच्या पुढच्या चाकांची ताकद आधी तोडावी लागते. पण अमेरिकन रॅली चालक केन ब्लॉकची ८४५ हॉर्सपॉवरची 'हूनिकॉर्न' मस्टँग चारही चाकांवर चालायची, आणि ती इतक्या अरुंद जागी आडवी जाताना बघून हे कसब खोटं आहे असं म्हणवत नाही. मला ही दोन वेगळी कसबं वाटतात. एकात स्टीअरिंगने तोल सांभाळायचा, दुसऱ्यात वजनाने आणि रेसने. एक येतं म्हणून दुसरं येईलच असं नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री भाचा ज्वालामुखीच्या, ग्रॅन काल्देराच्या, रस्त्याला लागला. डांबरी वळणं त्याने नीट काढली. मग त्याला मातीत जायची हौस आली. मातीवर गोष्टी अजून वेगळ्या असतात. आडवं सरकणारं चाक आपल्यापुढे मातीचा ढिगारा साठवतं आणि तोच ढिगारा त्याला अडवून धरतो. त्यामुळे डांबरावर जो कोन जास्त वाटेल, तो मातीत योग्य ठरतो, आणि रेसही बिनधास्त देता येते. तिथे त्याची गाडी छान वाहत होती. घोळ झाला तो मातीतून पुन्हा डांबरावर येताना. पुढची चाकं मागच्यांच्या आधी डांबरावर पोचतात. त्या क्षणी त्यांना एकदम भरपूर पकड मिळते, मागची अजून मातीत सरकत असतात, आणि दोरी एका हिसक्यात ताणली जाते. गाडी कुठे जाते? चाकांचं तोंड असेल तिकडे.

"म्हणजे डांबर यायच्या आधीच चाकं सरळ करायची आणि रेस थोडी सोडायची?" त्याने विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याने रिवाइंड दाबलं होतं.